चौदा माणसांची जीप

प्रवास करून आलेली माणसं डोंगर, नद्या, सूर्यास्त असं सांगतात. मीही डोंगर पाहिले, पण ते स्वस्थपणे पाहू द्यावेत अशी कोणाची इच्छा दिसली नाही. त्यामुळे निसर्ग हवा असेल त्यांनी दुसऱ्या कोणाचं तरी वाचावं. मी शॉकविषयी सांगणार आहे. शॉक म्हणजे गाडीच्या पोटाखाली, चाकाजवळ बसवलेली तेलाची जाड नळी. खड्ड्यातून गाडी उडाली की ती तिला उडत राहू देत नाही, दाबून धरते. एका गाडीचे शॉक काढून भलत्याच गाडीला बसवता येतात, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी महाडला कळलं. कळलं नसतं तरी चाललं असतं.

वरंध घाट

माझा धाकटा भाऊ वसंता पोलादपूर तालुक्यातल्या एका गावात शाळामास्तर. गाव नदीपलीकडे, बैलगाडीच्या वाटेवर. लहानपणी त्याला देवी आल्या, त्यात उजवा डोळा गेला. उरलेल्या डाव्या डोळ्यावर तो शिकला, मास्तर झाला, आणि दुसऱ्यांच्या पोरांना शिकवत तिकडेच राहिला. माघ महिन्यात त्याचं पत्र आलं. अक्षर त्याचं नव्हतं, गावातल्या कोणाचं तरी होतं. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात काळं काहीतरी उतरू लागलंय, असं त्यानं सांगून लिहवलं होतं. सोबत महाडच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. डोळ्याच्या आतला पडदा सुटतो आहे, आठवड्याच्या आत पुण्यात शस्त्रक्रिया व्हायला हवी, तोवर उताणं निजवावं, दोन्ही डोळे बांधावेत, आणि डोक्याला धक्का बसू देऊ नये. ‘धक्का’ या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा मारल्या होत्या.

मी बावीस वर्षं परिचारिका आहे, त्यातली सहा डोळ्यांच्या वॉर्डात काढली. मला रेघांची गरज नव्हती. मला राग आला तो या सल्ल्याचा. धक्का बसू देऊ नका म्हणे, आणि तिथून पुण्याला आणा. मध्ये सह्याद्री उभा आहे, तो काय बाजूला सरकणार होता? एसटी नदी ओलांडत नाही. डोलीनं घाट चढायचा तर दोन दिवस, आणि माणसांचे पाय सतत खालीवर. शेवटी चुलतभाऊ मधुकर याची जीप मागितली. लष्कराच्या लिलावातली ती जीप, चारही चाकांना ओढ असलेली, नदीच्या पात्रातून जाते अशी तिची ख्याती. मधुकर म्हणाला, “लोण्यासारखी चालते.” सोबत त्यानं सखाराम नावाचा ड्रायव्हर दिला, जो भोर येईपर्यंत एक अक्षर बोलला नाही.

वरंध घाटाच्या उतारावर, अगदी पायथ्याशी, खालून खळ्ळकन आवाज आला आणि गाडीचा मागचा भाग बकरीच्या पोरासारखा उड्या मारू लागला. सखाराम खाली शिरला आणि हातात एक मोडकी नळी घेऊन बाहेर आला.

“बाई, मागचा डावा शॉक गेला.”

“आणि उजवा?”

“उजवा पुण्यातच गेलेला होता.”

“मग लोण्यासारखी चालते असं मधुकर कसं म्हणाला?”

“साहेब पुढं बसतात,” सखाराम म्हणाला.

पेशंटला झोपवायचं होतं मागे. ज्या गाडीतून डोळा आणायचा तिचे मागचे दोन्ही शॉक मोडलेले, आणि हे सांगावं असं दोन पुरुषांपैकी एकालाही वाटलं नव्हतं. आमच्या वॉर्डात एखाद्या पोरीनं असं केलं असतं तर ती संध्याकाळच्या गाडीनं घरी गेली असती. मी सखारामला एवढंच म्हटलं की, यापुढे गाडीत जे जे मोडलेलं असेल ते मला आधी सांगायचं. त्यानं विचार केला आणि सांगायला सुरुवात केली. महाड येईपर्यंत यादी संपली नव्हती.

महाड

महाडला बाजारामागे, सावित्री नदीच्या अंगाला हमीदभाईंचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रा आणि शेजारी एका लोहाराचा भाता. हमीदभाई साठीचे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी वाकून गाडीखाली पाहिलं, मग उभं राहून माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, “जीपचे शॉकॉप्सर इथं नाय मिळत. मुंबयसून यायला हप्ता लागंल.”

माझ्याकडे हप्ता नव्हता. पत्र पोचण्यात दोन दिवस गेलेच होते. मी डॉक्टरांची चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती सावकाश वाचली, दोन रेघांपाशी थांबले, आणि हात वर करून पलीकडच्या शेताकडे दाखवलं. तिथं एक लॉरी मरून पडली होती. टपावर दुधीचा वेल चढला होता आणि एक दुधी ड्रायव्हरच्या खिडकीतून आत लोंबत होता.

“तिचे चांगले हायत,” ते म्हणाले.

“लॉरीचे शॉक जीपला?”

“बसवू ना.”

“बसतात का?”

“बसत नायत, बाई. बसवायचे असतात.”

अशा माणसाशी बोलायचं कसं? रक्त चढवताना बाटलीवरचा गट तीनदा तपासणाऱ्या जगातून मी आले होते. इथं एका मेलेल्या गाडीचा अवयव दुधीच्या वेलातून ओढून काढून दुसरीला लावणार होते, आणि जो लावणार होता तो विडी पेटवत होता. मी म्हटलं, माप तरी जुळतं का ते बघा. ते म्हणाले, दोन बोटं लांब हाय, आम्ही खालची कडी वर घेऊ. मग त्यांनी एक प्रश्न विचारला. पुण्यातला मेकॅनिक विचारतो, गाडी कुठली. हमीदभाईंनी विचारलं, “मानसं किती बसनार?”

“तीन.”

“तीन?”

“मी, पेशंट आणि ड्रायव्हर. एकूण तीन.”

हमीदभाई लोहाराकडे वळून म्हणाले, “तीन म्हनतात.” लोहारानं भाता थांबवला. दोघांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, ज्या नजरेनं आम्ही खाटेवरच्या पेशंटकडे पाहतो, तो उद्या घरी जायचं म्हणतो आणि त्याला कोणी खरं सांगितलेलं नसतं तेव्हा. मी पुन्हा बजावलं. संध्याकाळी निघताना तिसऱ्यांदा सांगितलं. दर वेळी ते “बरं” म्हणाले.

दुसरा संपूर्ण दिवस मी त्या पत्र्याखाली स्टुलावर बसून काढला. लोहारानं लोखंड तापवून नव्या कड्या ठोकल्या. हमीदभाईंनी शॉक रॉकेलनं धुतले, जुनं काळं तेल काढून नवं भरलं, दांडा हातानं ओढून-दाबून कितीदा तरी पाहिला. एक गोष्ट मान्य करते. काढलेला प्रत्येक नट, प्रत्येक वायसर त्यांनी धुवट फडक्यावर ओळीनं मांडला होता, काढल्या क्रमानं. शस्त्रक्रियेच्या तबकासारखं. हे फडकं पाहून माझा राग थोडा उतरला होता. दुपारी त्यांच्या घरून नारळाच्या दुधात बुडवलेली सांदणं आली, तांदळाची, गोड, हातात धरली की कापसासारखी दबणारी. मी चार खाल्ली. रागावलेलं असताना मला भूक जास्त लागते.

चौथ्या प्रहरी जीप चाकांवर उभी राहिली. चालवून पाहण्यासाठी आम्ही नाते गावाच्या रस्त्याला निघालो. पुढे सखाराम आणि हमीदभाई, मागे पेशंटच्या जागी मी. पहिल्याच खड्ड्यात माझे दात एकमेकांवर आपटले. दुसऱ्यात जीभ चावली गेली. आधी गाडी उड्या मारत होती, आता ती लाथा मारत होती. रस्त्यावरचा प्रत्येक खडा चाकातून निघून सरळ माझ्या मानेत येत होता. मी गाडी थांबवायला लावली आणि तिथंच रस्त्यावर उतरले.

“हे काय बसवलंत तुम्ही? यात धडधाकट माणसाचा डोळा जागेवर राहायचा नाही.”

हमीदभाई शांतपणे म्हणाले, “रिकामी हाय म्हनून. लॉरीचा शॉकॉप्सर, त्याला वजन लागतं. चौदा मानसांच्या हिशेबानं बसवलाय.”

“मी तुम्हाला तीन सांगितली होती.”

“सांगितली होतीत,” ते म्हणाले. “पन इकडं तीन मानसांची जीप कोनी कंधी पाह्यली नाय, बाई. रस्त्यात लोक चढतील. मग बरी चालंल. नायतर दोन पोती तरी टाका.”

माझा संताप किती झाला ते लिहून दाखवता येणार नाही. ज्याला सांगितलं एक आणि ज्यानं केलं दुसरं, तो वर मलाच शिकवत होता. पेशंटजवळ गर्दी नको, धूळ नको, खोकणारी माणसं नकोत, हे मी शेकडो पोरींना शिकवलं होतं. आणि घाट चढायच्या गाडीत आणखी ओझं भरायचं, हे तर कोणाही शहाण्याला पटलं नसतं. मी म्हटलं, तुमचे शॉक मऊ करा. ते म्हणाले, मऊ होत नायत. मी म्हटलं, मी तक्रार लिहीन. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, कोनाकडं? मला आणखीच राग आला.

दिवस उरले होते तीन. त्याच गाडीनं निघण्यावाचून इलाज नव्हता.

नदीपलीकडे

पात्रात पाणी गुडघाभर आणि गोटे डोक्याएवढे. सखारामनं एक दांडी पुढे ढकलली, चारही चाकं कामाला लागली आणि जीप कुरकुरत पलीकडे गेली. हे एक काम तिनं चोख केलं.

वसंता शाळेतच होता, फळ्याखाली घोंगडीवर उताणा, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. माझ्या चपलांचा आवाज ऐकून म्हणाला, “आक्का, कोणावर रागावून आलीस?”

मी म्हटलं, “सगळ्यांवर.”

पाच दिवस तो तसाच पडून होता. गावानं पाळी लावली होती, एक बाई सकाळी नाचणीची पेज भरवायची, दुसरी संध्याकाळी वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. पोरं दारात बसून त्याला धडे म्हणून दाखवायची आणि तो पडल्या पडल्या चुका सांगायचा. मला वाटलं होतं तो खचला असेल. रात्री मी त्याचे पाय चेपत असताना तो हळूच म्हणाला, “आक्का, हा गेला तर मी काय करू गं?” एवढं एकदाच. मी म्हटलं, जात नाही. डोळ्यांच्या वॉर्डात मी हे वाक्य कोणालाही बोलू देत नसे.

पहाटे आम्ही त्याला अलगद उचलून जीपमध्ये ठेवलं. मागचं एक बाक काढून गादी घातली होती, त्याचं डोकं माझ्या मांडीवर. गाडीभोवती सारा गाव जमला. त्यातून एक काटकुळा म्हातारा पुढे आला, दोन पोती पायाशी ठेवून. त्याचं नाव गंगाराम. त्याची लेक आंबेनळी घाटाच्या माथ्यावर, महाबळेश्वरच्या अलीकडच्या वाडीत दिली होती. त्याच दिवशी तिचं डोहाळजेवण होतं आणि हा तिच्या सासरी नवा तांदूळ घेऊन निघाला होता.

“बाई, घाटमाथ्यापरेंत घ्या की मला. पोती मी मांडीवर घेतो.”

त्याच्यामागे कोंबड्या घेतलेली एक म्हातारी होती, आणखी नऊ जण होते. सगळ्यांना कुठं ना कुठं जायचंच होतं. तिकडे गाडी निघाली की ती सगळ्यांची असते, तिला मालक आहे ही बाब गौण. मी म्हटलं, ही पेशंटची गाडी आहे, कोणीही चढायचं नाही. वसंता म्हणाला, “आक्का, गंगाराम तरी—” मी त्यालाही गप्प केलं. गंगारामनं पोती उचलून बैलगाडीत टाकली आणि ती मंडळी पोलादपूरची एसटी गाठायला आमच्यामागे निघाली.

सखाराम बैलाच्या चालीनं चालवत होता, तरी ती गाडी लाथा मारत होती. नदी ओलांडून वर आलो आणि पुढच्या मैलभरात मी वसंताचं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं, माझी कोपरं बाजूच्या पत्र्यावर सोलून निघाली. एका ओहोळात चाक आपटलं आणि त्याचं डोकं माझ्या हातात असूनही उसळलं. तो म्हणाला, “आक्का, ठिणग्या दिसतायत.”

डोळे बांधलेल्या माणसाला ठिणग्या दिसतात याचा अर्थ मला माहीत होता. आतला पडदा ताणला जात होता. मी “थांब” असं ओरडले. सखारामनं गाडी थांबवली. मी बसून राहिले. पुढे नेलं तर डोळा वाटेत जातो, ठेवला तर इथं जातो. माझी इतकी वर्षांची नोकरी, माझी शिस्त, सगळं त्या ओहोळात येऊन बसलं होतं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा पेशंटसमोर रडले. त्याला दिसत नव्हतं, एवढंच बरं.

मागून बैलगाडी येऊन पोचली. गंगाराम उतरला, त्यानं वाकून जीपच्या चाकाजवळ पाहिलं, पत्र्यावर हात दाबून पाहिला. पत्रा तसूभरही हलला नाही.

“हमीदनं बसवलेत ना?” तो म्हणाला. “बाई, गाडी हलकी हाय म्हनून उडते. आमी चढलो की बसंल खाली.”

तो मिस्त्री, आणि आता हा म्हातारा. सारा तालुका एका बाजूला आणि मी दुसऱ्या. मी पदरानं तोंड पुसलं आणि सांगितलं, “चढा. विड्या टाका आधी. खोकला असेल त्यानं पुढं बसायचं. आणि कोंबड्या पेशंटपासून लांब.”

गंगारामनं दोन पोती वसंताच्या डोक्याच्या दोन बाजूंना लावली, मध्ये खोबण केली. आमच्या वॉर्डात शस्त्रक्रियेनंतर अशाच दोन पिशव्या लावतात, वाळूच्या, डोकं हलू नये म्हणून. हे मी कितीदा केलं असेल, आणि पोती टाका म्हणणाऱ्या माणसाला मी रस्त्यात उभं करून झापलं होतं. मग बाकीचे चढले. बाकावर तिघी, सखारामशेजारी दोघे, चाकांवरच्या पत्र्यांवर एकेक, मागच्या दांड्याला धरून तिघे. पत्र्याखालून एक लांब सुस्कारा आला आणि जीप चार बोटं खाली बसली.

गाडी सुटली. पुढचा खड्डा आला, मी डोळे मिटले, आणि काही झालं नाही. गाडी खाली गेली, वर आली, झालं. होडी किनाऱ्याला लागावी तशी. वसंता म्हणाला, “नवा रस्ता केला का?” कोणीतरी हसलं. मी हसले नाही. खरं ठरायचा अधिकार त्यांना कोणी दिला होता, असं मला वाटत होतं.

पोलादपूर आणि घाट

पोलादपुरात निम्मी माणसं उतरली. कोंबड्यांची म्हातारी उतरली, दांड्यावरचे तिघे उतरले, आणि जीप पुन्हा टणक झाली. पुढे आंबेनळीची सगळी वळणं उभी होती.

आता जे केलं ते माझ्या वॉर्डातल्या पोरींना कळू नये. नऊवारी खोचून, सोललेल्या कोपरांनी मी पोलादपूरच्या नाक्यावर उभी राहिले आणि “महाबळेश्वर, महाबळेश्वर” अशा हाका मारल्या. चहाच्या दुकानातली माणसं बाहेर आली. एकानं विचारलं, गाडी कोनाची? मी म्हटलं, सगळ्यांची, बसा. सुक्या मासळीची टोपली घेतलेल्या दोन बायका आल्या, त्यांना मी बसवून घेतलं. मी, जी वॉर्डात फुलांचासुद्धा वास चालवून घेत नसे. एक किडकिडीत माणूस चढायला आला, त्याला मी उतरवलं आणि त्याच्यामागचा जाडा घेतला. गंगाराम मोजत होता. “अजून दोन,” तो सांगायचा, आणि मी पुन्हा हाक द्यायची.

घाटात कढत इंजिनाला पाणी पाजायला तीनदा थांबावं लागलं. थांबलो की सगळे उतरायचे, निघताना बिनसांगता आपापल्या जागी. वळणावर मागचा एक जण सांगायचा, “गुरुजी, डावीकडं,” आणि मी डोकं धरायची. नाक्यावर चढलेल्यांपैकी कोणी वसंताला आधी पाहिलेलं नव्हतं, मासळीवाल्यांना तो कुठल्या गावचा हेही ठाऊक नव्हतं, तरी सगळे त्याला गुरुजीच म्हणू लागले होते. ठिणग्या थांबल्या होत्या. खाली दरीत धुकं होतं म्हणतात, मी पाहिलं नाही.

माथ्यावर गंगारामची वाडी आली. तो उतरला. मी पोती ओढायला हात घातला तर त्यानं माझा हात बाजूला केला.

“ऱ्हाऊंदे. पुढं मानसं नाय मिळायची. गुरुजींचं डोकं हलंल.”

मी म्हटलं, “आणि डोहाळजेवणाला काय नेणार?”

“मी जातोय ना,” तो म्हणाला आणि पायवाटेला लागला. मी त्याचे आभार मानले नाहीत. तेव्हा मी सखारामवर ओरडत होते, काहीतरी कारण असेल. पुढे महाबळेश्वर, वाई, पुणे, आम्ही त्या दोन पोत्यांमध्ये वसंताचं डोकं घालून संध्याकाळी पोचलो. खालचा रस्ता चांगला होता, तरी घाटात मिळेल त्याला चढवत आले.

शल्यविशारदांनी विचारलं, कसा आणलात? मी म्हटलं, जीपनं. ते मला इतके रागावले, की परिचारिका असून असा अविचार, वगैरे. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. सांगायला लागले असते तर त्यांना माझ्या तोंडून हमीदभाईंचीच वाक्यं ऐकावी लागली असती.

पुन्हा घाटमाथा

पडदा चिकटला. एका कोपऱ्यात थोडा अंधार राहिला, बाकी डोळा वाचला. शाळा उघडायच्या आधी मी वसंताला पोचवायला निघाले, त्याच जीपनं. मधुकरनं विचारलं होतं, माझ्या जीपला लॉरीचे शॉक कोणी बसवले? मी म्हटलं, आधी तू मागे बसून बघ, मग विचार. तो बसला नाही. दोन्ही पोती मी शिवणसुद्धा न उसवता परत द्यायला सोबत घेतली होती.

गंगारामच्या लेकीचं घर सापडायला वेळ लागला नाही. तिचं नाव सुलोचना, हातात दीड महिन्याचं बाळ. वसंताला पाहून ती दारातच थांबली. आत तिची सासू तांदूळ निवडत बसली होती, अंगानं भरलेली बाई, तिनं आमच्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. सुलोचना खालच्या आवाजात म्हणाली, “त्या दिवशी बाबा रिकाम्या हातानं आला. सगळ्या बाया बसलेल्या. आत्याबाईंनी विचारलं, तांदूळ कुठं हाय. बाबा म्हणाला, तांदूळ गुरुजींच्या उशाला हाय. सगळ्या हसल्या. आत्याबाई अजून बोलून दाखवतात. बाबा पुन्हा आला नाय.”

मला जो राग आला तो आधीच्या सगळ्या रागांहून वेगळा होता, कारण त्यातला मोठा वाटा माझ्या स्वतःवर होता. त्या माणसानं व्याह्यांच्या दारात, भरल्या बायकांत मान खाली घातली, आणि मी त्याला विडी टाक एवढंच म्हणाले होते. मी सखारामकडून दोन्ही पोती आत आणवली आणि त्या बाईच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, “हा तो तांदूळ. हा खरोखरच याच्या उशाला होता. आणि हा तो डोळा.” वसंतानं काळा चष्मा काढला आणि तिच्याकडे पाहिलं.

तिनं पोत्याची शिवण चाचपली. मग वसंताच्या डोळ्याकडे पाहिलं. सूप खाली ठेवलं आणि उठली. जेवल्याशिवाय सोडलं नाही, त्याच तांदळाचा भात केला.

निघताना सासू जीपपाशी आली. सखाराम बसला, वसंता बसला, मी बसले. तिनं गाडीकडे वरून खालपर्यंत पाहिलं.

“पोती तर काढली,” ती म्हणाली. “आता मास्तरास्नी घाटात हादरं बसायचं.”

मी म्हटलं, पोलादपूरपर्यंत कोणीतरी मिळेल.

“कशाला कोन पायजे,” ती म्हणाली, आणि सुनेला हाक मारून लुगडं बदलायला आत गेली. “मी येते. व्याह्यांच्या घरापतूर येते. त्यांच्याकडं माझं एक बोलनं ऱ्हायलंय.”

ती चढली तेव्हा जीप एक बोट खाली बसली.